स्वतःचं रक्षण करणारी लोकशाही : जर्मनीच्या व्यवस्थेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकशाहीच्या शत्रूंना लोकशाहीतले सगळे हक्क द्यायचे का, हा प्रश्न जर्मनीने घटनेतच हाताळला आहे. तिथे या भूमिकेला ‘वेअरहाफ्टे डेमोक्राटी’ म्हणतात, म्हणजे स्वतःचा बचाव करू शकणारी लोकशाही. हिचं कौतुक आणि टीका दोन्ही बहुतेक वेळा ऐकीव माहितीवर होतात, म्हणून इथे तपशील जरा जास्त दिले आहेत.

हिटलर निवडून आला होता ना? मग लोकशाहीनेच लोकशाही संपवली, असंच ना?

अर्धंच खरं. नाझी पक्षाला १९२८ साली २.६ टक्के मतं होती. जुलै १९३२ मध्ये ती ३७.३ टक्क्यांवर गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ३३.१ वर उतरली. मुक्त निवडणुकीत त्यांना बहुमत कधीच मिळालं नाही. ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, नेमलं. २७ फेब्रुवारीला संसद भवनाला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी घटनेच्या कलम ४८ खाली वटहुकूम काढून नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले. ५ मार्चच्या निवडणुकीत रस्त्यावर दहशत असूनही नाझींना ४३.९ टक्केच मतं पडली. २३ मार्चला सरकारलाच कायदे करण्याचा अधिकार देणारं विधेयक ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर झालं. कम्युनिस्टांचे ८१ खासदार सभागृहात नव्हते. ते तुरुंगात तरी होते, नाहीतर भूमिगत. विरोधातली ९४ मतं सगळी सोशल डेमोक्रॅटांची होती.

थोडक्यात, दार फोडावं लागलं नाही. आणीबाणीचं कलम, हवी तशी बदलता येणारी घटना आणि पर्याय न देताच सरकारं पाडणारी संसद, या तीन फटींतून सगळं आत आलं.

मग १९४९ च्या घटनेत नेमकं काय बदललं?

२३ मे १९४९ रोजी जाहीर झालेल्या ‘ग्रुंडगेझेट्झ’मध्ये, म्हणजे मूलभूत कायद्यात, यासाठी पाच-सहा कलमं आहेत. सर्वांत मोठं कलम ७९(३). एरवी दोन-तृतीयांश बहुमताने घटना बदलता येते, पण मानवी प्रतिष्ठा (कलम १), लोकशाही आणि कायद्याचं राज्य (कलम २०) यांची तत्त्वं आणि संघराज्याची रचना यांना कितीही बहुमत असलं तरी हात लावता येत नाही. कलम ६७ नुसार चॅन्सेलरला नुसतं पाडता येत नाही, त्याच मतदानात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो. हे हत्यार आजवर दोनदा उपसलं गेलं. १९७२ मध्ये विली ब्रांट वाचले. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले.

कलम ९(२) संघटनांवरच्या बंदीचं, २१ पक्षांवरच्या बंदीचं. कलम १८ म्हणतं की लोकशाहीविरुद्ध हक्कांचा गैरवापर करणाऱ्या व्यक्तीचे काही मूलभूत हक्क न्यायालय काढून घेऊ शकतं. हे कलम वाचताना फार जरब बसते, पण आजवर चारच अर्ज झाले आणि चारही फसले. कलम २०(४) मधला प्रतिकाराचा हक्क १९६८ मध्ये घातला गेला. संसदेत येण्यासाठी लागणारी ५ टक्के मतांची अट घटनेत नाही, ती साध्या निवडणूक कायद्यात आहे. हा फरक पुढे कामाला येईल.

याचा भारताशी काही संबंध आहे का?

थेट आहे. हायडेलबर्गचे अभ्यासक डीट्रिश कॉनराड यांनी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अंगभूत मर्यादांवर व्याख्यान दिलं. वायमारचा, म्हणजे हिटलरपूर्वीच्या जर्मन लोकशाहीचा, अनुभव आणि कलम ७९(३) त्यामागे होतं. ते विचार एम. के. नंबियार यांनी गोलकनाथ खटल्यात न्यायालयापुढे नेले. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात ७ विरुद्ध ६ मतांनी मूलभूत चौकटीचं तत्त्व मान्य झालं, तेव्हाही कॉनराड यांच्या लेखनाचा आधार घेतला गेला. नानी पालखीवाला यांनी मुंबईहून दिल्लीला जाऊन लढवलेला तो हाच खटला.

एक फरक मात्र मोठा आहे. जर्मनीत न बदलता येणारा भाग घटनेतच लिहिलेला आहे. भारतात तो न्यायालयाने अर्थ लावून काढला.

पक्षावर बंदी घालायची तर काय काय करावं लागतं?

अर्ज फक्त तिघं करू शकतात : केंद्र सरकार, बुंडेसटाग (लोकांनी निवडलेलं सभागृह) आणि बुंडेसराट (राज्यांचं सभागृह). निकाल मात्र कार्ल्सरूहचं घटना न्यायालयच देतं. मागणारा आणि ठरवणारा वेगळा ठेवणं हाच या सगळ्या रचनेचा कणा आहे. गृहमंत्र्याला एखादा पक्ष कितीही खुपला तरी सही करून तो बंद करता येत नाही.

न्यायालयात आठ न्यायाधीशांच्या पीठापुढे सुनावणी होते आणि पक्षाच्या विरोधात निर्णय द्यायला दोन-तृतीयांश, म्हणजे सहा मतं लागतात. तीन न्यायाधीश अडले की अर्ज बुडाला. सिद्ध काय करायचं? पक्षाचे विचार वाईट आहेत एवढं पुरत नाही. मानवी प्रतिष्ठा, लोकशाही आणि कायद्याचं राज्य या गाभ्याविरुद्ध पक्ष आखून, सातत्याने काम करतो आहे हे दाखवावं लागतं. २०१७ पासून आणखी एक कसोटी आहे : तो पक्ष आपलं उद्दिष्ट गाठू शकेल अशी काही ठोस चिन्हं दिसली पाहिजेत.

आजवर किती पक्षांवर बंदी आली?

दोन. नाझींचा वारसा सांगणाऱ्या सोशालिस्टिशे राइशपार्टाईवर २३ ऑक्टोबर १९५२ ला. नीडरझाक्सन राज्यात आदल्या वर्षी या पक्षाने ११ टक्के मतं घेतली होती. दुसरी बंदी कम्युनिस्ट पक्षावर, १७ ऑगस्ट १९५६ ला. त्या खटल्याला जवळपास पाच वर्षं लागली आणि निकाल लागेपर्यंत पक्षाचा जनाधार आटून गेला होता. आज या दुसऱ्या बंदीकडे अनेक घटनातज्ज्ञ शीतयुद्धाच्या भयाचं अपत्य म्हणून पाहतात, आणि आम्हालाही तसंच वाटतं.

तिसऱ्या प्रयत्नाची फजिती अभ्यासण्यासारखी आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या एनपीडी या अतिउजव्या पक्षाविरुद्ध २००१ मध्ये तिन्ही संस्थांनी अर्ज केले. सुनावणीच्या तयारीत उघड झालं की पक्षाच्या वरच्या फळीत गुप्तचर खात्याचे पगारी खबरे बसले आहेत. मग पक्षाची म्हणून दाखवलेली वक्तव्यं पक्षाची की सरकारी पैसे घेणाऱ्यांची? १८ मार्च २००३ ला तीन न्यायाधीशांनी हा अडथळा दूर होण्यासारखा नाही असं मानलं आणि प्रकरण तिथेच संपलं. पुराव्यासाठी पेरलेले खबरेच पुरावा खाऊन गेले.

डिसेंबर २०१३ मध्ये बुंडेसराटने पुन्हा अर्ज केला, या वेळी नेतृत्वातले खबरे आधी काढून. १७ जानेवारी २०१७ चा निकाल असा : उद्दिष्टं घटनाविरोधी आहेत, पण पक्षात ती साधण्याची ताकद नाही, म्हणून बंदी नाही. त्या वेळी एकाही राज्याच्या विधानसभेत त्यांचा आमदार उरला नव्हता.

म्हणजे दुबळा पक्ष सुटतो आणि बलवान पक्षावर बंदी घालणं राजकीयदृष्ट्या अशक्य होतं. हे विचित्र नाही का?

आहे. न्यायालयालाही ते कळत होतं. म्हणूनच निकाल देताना त्याने सुचवलं की घटनादुरुस्ती करून अशा पक्षाचे पैसे तोडता येतील. संसदेने काही महिन्यांतच कलम २१(३) घातलं.

जर्मनीत पक्षांना मतांच्या प्रमाणात सरकारी अनुदान मिळतं. त्यासाठी बुंडेसटाग किंवा युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ०.५ टक्के, किंवा एखाद्या राज्यात १ टक्का मतं लागतात. शिवाय देणग्यांवर करसवलत असते. एनपीडीने २०२३ मध्ये ‘डी हाइमाट’ असं नवं नाव घेतलं. २३ जानेवारी २०२४ ला न्यायालयाने या पक्षाला सहा वर्षांसाठी अनुदानातून आणि करसवलतीतून वगळलं. इथे ताकदीची कसोटी लागत नाही, उद्देश पुरतो. पक्ष चालू राहतो, निवडणूक लढवतो, फक्त जनतेच्या पैशावर नाही.

एएफडीवर बंदी का घालत नाहीत?

एएफडी म्हणजे ‘आल्टरनाटिव्ह फ्युअर डॉइचलांड’, उजव्या टोकाचा पक्ष. २३ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत या पक्षाला २०.८ टक्के मतं आणि १५२ जागा मिळाल्या. संसदेतला तो दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष आहे. ताकदीची कसोटी इथे अडचणीची नाही. अडचण पुराव्याची आणि परिणामांची आहे. पक्षाचे काही नेते आणि शाखा टोकाच्या असल्या तरी पूर्ण पक्ष आखून घटनेचा गाभा मोडू पाहतो आहे हे सहा न्यायाधीशांना पटलं पाहिजे. अर्ज फेटाळला गेला तर ‘न्यायालयाने आम्हाला घटनानिष्ठ ठरवलं’ असं प्रचारात सांगायला पक्ष मोकळा. मंजूर झाला तर लाखो मतदारांचा पक्षच नाहीसा होतो. बंदीच्या बाजूचे म्हणतात की १९३२ मध्येही लोक असंच थांबले होते. दोन्ही बाजूंना घटना जाणणारी गंभीर माणसं आहेत.

दरम्यान बाकीचे पक्ष ‘ब्रांडमाउअर’ पाळतात, म्हणजे एएफडीशी युती नाही. ही भिंत कायद्याची नाही, शब्दाची आहे, आणि तिला तडे जातात. ५ फेब्रुवारी २०२० ला थ्युरिंगेन राज्यात एएफडीच्या मतांवर एक उदारमतवादी मुख्यमंत्री निवडून आले आणि देशभरच्या संतापामुळे तीन दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. २९ जानेवारी २०२५ ला बुंडेसटागमध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅटांचा स्थलांतराबाबतचा ठराव एएफडीच्या मतांमुळे ३४८ विरुद्ध ३४४ असा मंजूर झाला.

पक्षांवर पाळत ठेवणारं गुप्तचर खातं सरकारचंच हत्यार होत नाही का?

धोका खरा आहे. कलोनमधलं ‘फेरफासुंग्सशुट्झ’, म्हणजे घटनारक्षण कार्यालय, १९५० पासून आहे आणि १६ राज्यांत त्याच्या भगिनी संस्था आहेत. त्यांना अटक करता येत नाही, झडती घेता येत नाही. गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, आठवणीने पोलीस आणि गुप्तचर मुद्दाम वेगळे ठेवले गेले. पक्षाची वर्गवारी तीन पायऱ्यांत होते : आधी तपासणी, तीही फक्त उघड माहितीवर. मग ‘संशयित’, जिथून खबरे आणि इतर गुप्त साधनं वापरता येतात. शेवटी ‘निश्चित अतिरेकी’. प्रत्येक पायरीला न्यायालयात आव्हान देता येतं. एएफडीला २०२१ मध्ये संशयित ठरवलं, ते म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने १३ मे २०२४ ला कायम केलं. २ मे २०२५ ला कार्यालयाने तिसरी पायरी जाहीर केली. पक्ष न्यायालयात गेला आणि आठवडाभरातच कार्यालयाने खटल्यादरम्यान तो शिक्का वापरणं थांबवलं.

चुका दोन्ही दिशांना झाल्या आहेत. २८ जानेवारी १९७२ च्या आदेशाने सरकारी नोकरीच्या उमेदवारांची राजकीय छाननी सुरू झाली. सुमारे ३५ लाख चौकशा झाल्या, त्यातून साधारण साडेबाराशे जणांना नोकरी नाकारली गेली. शिक्षक होते, टपालखात्यातले लोक होते. बंदीनंतर नव्याने स्थापन झालेल्या कम्युनिस्ट पक्षाची सदस्य म्हणून बडतर्फ झालेल्या एका शिक्षिकेच्या बाजूने युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९५ मध्ये १० विरुद्ध ९ मतांनी निकाल दिला.

उलट दिशेचं उदाहरण भयंकर आहे. एनएसयू या नवनाझी टोळीने २००० ते २००७ दरम्यान दहा खून केले. बळी बहुतेक तुर्की वंशाचे दुकानदार होते. पोलीस वर्षानुवर्षं त्यांच्याच कुटुंबांवर संशय घेत राहिले. नोव्हेंबर २०११ मध्ये टोळी उघडकीला आली आणि काही दिवसांतच घटनारक्षण कार्यालयात खबऱ्यांच्या फायली यंत्रात घालून फाडल्या गेल्या. पुढच्या वर्षी कार्यालयाच्या प्रमुखांनी पद सोडलं.

संघटना किंवा मासिकावर बंदी सोपी असते का?

संघटनेवर, हो. तिथे गृहमंत्रीच बंदी घालतो आणि संघटना नंतर न्यायालयात जाते. हॅमरस्किन्स ही नवनाझी संघटना २०२३ मध्ये अशीच बंद झाली. पण १६ जुलै २०२४ ला गृहमंत्री नॅन्सी फेझर यांनी ‘कॉम्पाक्ट’ हे अतिउजवं मासिक संघटना कायद्याखाली बंद केलं, तेव्हा लाइपझिगच्या केंद्रीय प्रशासकीय न्यायालयाने महिन्याभरात स्थगिती दिली आणि २४ जून २०२५ ला बंदी रद्दच केली. मजकुरात आक्षेपार्ह भाग होता, पण पूर्ण प्रकाशन बंद करण्याइतका तो वरचढ नव्हता.

खोटी बातमी पसरवणं जर्मनीत गुन्हा आहे का?

नाही. निव्वळ खोटं बोलणं गुन्हा नाही. बदनामी, समाजगटांविरुद्ध चिथावणी (दंडसंहिता कलम १३०, पाच वर्षांपर्यंत कैद), ज्यूंच्या नरसंहाराचा इन्कार, बंदी असलेली चिन्हं (कलम ८६अ, तीन वर्षांपर्यंत) हे गुन्हे आहेत. खरं-खोटं ठरवणारं सरकारी खातं नाही, आणि ते नसावंच. केंद्र सरकारबद्दलची माहिती खरी की खोटी हे सरकारच्याच तपासणी कक्षाने ठरवावं, हा भारतातला नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये याच मुद्द्यावर घटनाबाह्य ठरवला.

मग बाहेरून येणाऱ्या खोट्या बातम्यांशी कसं लढतात?

उघड करून. जानेवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या १३ वर्षांच्या एका रशियन-जर्मन मुलीला स्थलांतरितांनी पळवून अत्याचार केल्याची बातमी रशियन सरकारी वाहिनीने दिली. निदर्शनं झाली, रशियाचे परराष्ट्रमंत्री बोलले. फोनच्या नोंदींवरून पोलिसांनी दाखवलं की ती त्या रात्री ओळखीच्या मुलाकडे होती. तोवर गोष्ट देशभर फिरली होती.

२०२२ पासूनची ‘डॉपेलगेंगर’ मोहीम जास्त कुशल आहे. यात ‘श्पीगेल’, ‘बिल्ड’ यांसारख्या वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांची हुबेहूब नक्कल करतात. ओळखायची खूण पत्त्याच्या शेवटी असते : खऱ्याचा शेवट ‘डॉट डीई’, नकलेचा भलताच. पानावरच्या बाकीच्या लिंका मात्र खऱ्या संकेतस्थळावर नेतात, म्हणून एक-दोन लिंका दाबून खात्री करणारा हमखास फसतो. २० डिसेंबर २०२३ ते २० जानेवारी २०२४ या एका महिन्यात जर्मन परराष्ट्र खात्याला एक्सवर ५० हजारांहून अधिक बनावट खाती आणि दहा लाखांहून अधिक जर्मन पोस्ट सापडल्या.

निवडणुकीबद्दलच्या अफवांवर काय उपाय?

कागद आणि उघडं दार. ३ मार्च २००९ ला घटना न्यायालयाने २००५ मध्ये वापरलेली मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरवली. मोजणीचे मुख्य टप्पे कोणत्याही नागरिकाला तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत, हे त्यामागचं कारण. संध्याकाळी ६ ला मतदान संपतं आणि त्याच खोलीत मोजणी सुरू होते. कुणीही जाऊन उभं राहावं, ओळखपत्र लागत नाही. देशभर साडेसहा लाखांहून अधिक स्वयंसेवक हे काम करतात.

२०१७ मध्ये केऑस कॉम्प्युटर क्लबच्या हॅकरांनी निकाल वर कळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या त्रुटी दाखवल्या. त्यातून जास्तीत जास्त त्या रात्रीचे तात्पुरते आकडे बिघडले असते. खरा निकाल कागदावरच होता. २०२५ मध्ये लाइपझिग आणि हांबुर्गच्या मतपत्रिकांचे बनावट व्हिडिओ फिरले, तेव्हाही प्रशासनाला मूळ छापील मतपत्रिका शेजारी ठेवून दाखवता आली.

समाजमाध्यम कंपन्यांना काय बंधनं आहेत?

२०१७ च्या ‘नेट्झडीजी’ कायद्याने २० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांना उघड बेकायदा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत आणि इतर बेकायदा मजकूर साधारण ७ दिवसांत काढायला लावलं. दंड ५ कोटी युरोपर्यंत. घड्याळाच्या धाकाने कंपन्या जास्तच काढतील ही भीती होती. शिवाय तक्रारीची खिडकी कोपऱ्यात दडवायची युक्तीही दिसली. २०१९ मध्ये फेसबुकला २० लाख युरोंचा दंड झाला तो मजकूर न काढल्याबद्दल नव्हता, तक्रारींचे आकडे अपुरे दिल्याबद्दल होता.

१७ फेब्रुवारी २०२४ पासून युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा पूर्ण लागू झाला. यात तासांची मुदत नाही, पण कारण लेखी द्यावं लागतं. युरोपात महिन्याला साडेचार कोटींहून अधिक वापरकर्ते असतील तर स्वतःच्या यंत्रणेतले धोकेही तपासावे लागतात. दंड जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत. डिसेंबर २०२५ मध्ये एक्सला या कायद्याखाली १२ कोटी युरोंचा दंड झाला.

मी जर्मनीत राहतो. द्वेषपूर्ण पोस्टची तक्रार कशी करू?

आधी पुरावा : पूर्ण पत्ता, तारीख, वेळ आणि वरची-खालची चर्चा दिसेल असा स्क्रीनशॉट. पोस्ट नंतर उडते. मग माध्यमावर तक्रार करताना ‘बेकायदा मजकूर’ हा पर्याय निवडा. ‘आमच्या नियमांचा भंग’ निवडलात तर कंपनी तक्रार स्वतःच्या नियमांवर निकाली काढते. बेकायदा मजकुराच्या सूचनेची पोच आणि निर्णय कळवणं बंधनकारक आहे. निर्णय पटला नाही तर सहा महिन्यांत कंपनीकडेच अपील, त्यापुढे मान्यताप्राप्त तंटा-निवारण संस्था. कंपनी पद्धतच पाळत नसेल तर ‘बुंडेसनेट्झआगेंटुर’ या केंद्रीय नियामक संस्थेकडे तक्रार.

गुन्हा नोंदवायचा तर राज्य पोलिसांच्या ऑनलाइन ठाण्यावर. अपमानासारख्या गुन्ह्यात तुमचा स्वतःचा अर्ज लागतो, आणि गुन्हा व करणारा कळल्यापासून तीन महिन्यांत तो दिला नाही तर हक्क जातो. पुष्कळ तक्रारी इथेच मरतात.

न्यायालयच ताब्यात घेतलं तर?

पोलंड आणि हंगेरीत तसं झाल्याचं पाहून डिसेंबर २०२४ मध्ये घटनादुरुस्ती केली गेली. १६ न्यायाधीश, दोन पीठं, १२ वर्षांची मुदत, ६८ वर्षांची वयोमर्यादा हे सगळं आधी साध्या कायद्यात होतं, ते घटनेत गेलं. बुंडेसटागमध्ये ६०० विरुद्ध ६९ मतं पडली. एका सभागृहात निवड अडवली गेली तर दुसऱ्याने करावी, अशी वाटही ठेवली. पण न्यायाधीश दोन-तृतीयांश मतांनीच निवडायचे, हा मूळ नियम अजून साध्याच कायद्यात आहे. साधं बहुमत तो बदलू शकतं.

दिवाळीत दारावर स्वस्तिक काढलं तर पोलीस येतील का?

कायद्याचा रोख ‘हाकेनक्रॉइट्झ’ या नाझी चिन्हावर आहे. धार्मिक वापर संदर्भातून ओळखू येत असेल तर तो गुन्हा ठरत नाही. कला, अध्यापन, इतिहास यांनाही सूट आहे, आणि चिन्हावर काट मारून केलेला नाझीविरोधी वापर २००७ मध्ये सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने निर्दोष ठरवला. त्याच वर्षी जर्मनीने युरोपभर चिन्हबंदी सुचवली, तेव्हा हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला आणि ती कल्पना मागे पडली.

व्यवहारात घरातलं देवघर, रांगोळी, लग्नपत्रिका यांची अडचण नसते. घोटाळा होतो तो संदर्भ नसलेल्या जागी : गाडीच्या काचेवर, जिन्यातल्या सामायिक भिंतीवर, नुसतं काळं चिन्ह असलेल्या प्रोफाइल चित्रात. चार ठिपके, कुंकू, शेजारी ‘श्री’ किंवा गणपती असेल तर पाहणाऱ्याला लगेच कळतं. तरीही शेजाऱ्याने बेल वाजवली, तर वाद न घालता दिवाळीचं सांगावं आणि चकलीची ताटली पुढे करावी.